चार रंगांचा निवाडा

खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा लिहिण्याची आपल्याकडील वहिवाट जुनी आहे. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस तमक्याचा मळा, दक्षिणेस ओढा आणि उत्तरेस गाडीवाट, एवढे लिहून झाले की त्या जमिनीचा शेजार दफ्तरी कायम होतो, आणि पुढेमागे तंटा उद्भवलाच तर दिवाणी न्यायालयातही त्या चार ओळींचा दाखला काढला जातो. क्षेत्र किती, आकार कसा, बांध सरळ की वाकडा, हे मोजणीच्या नकाशाने सांगावे. चतुःसीमेला एकच गोष्ट ठाऊक असते, आणि ती म्हणजे कोण कोणाला लागून आहे. लांबी, कोन आणि क्षेत्रफळ या भूमितीच्या परंपरागत ऐश्वर्याकडे पाठ फिरवून केवळ या लागून असण्याचाच विचार करणारी गणिताची एक शाखा गेल्या दोन शतकांत उदयास आली, आणि तिच्या बाल्यावस्थेत जी कोडी पुढे आली त्यांत नकाशा रंगविण्याचे कोडे आणि परस्परांना स्पर्श करणाऱ्या आकृतींचे कोडे ही दोन अग्रगण्य होत. आपल्याकडे ती रविवारच्या पुरवणीतील करमणूक म्हणून येतात आणि करमणूक म्हणूनच विस्मृतीत जातात. त्यांची योग्यता याहून पुष्कळ मोठी आहे, असे माझे मत आहे. कारण एखादी गोष्ट खरी दिसणे आणि ती खरी असल्याचे सिद्ध होणे यांतील अंतर सामान्य बुद्धीच्या माणसाला, आणि विशेषतः दहाबारा वर्षांच्या मुलाला, इतक्या अल्प खर्चात दाखवून देणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

मूळ प्रश्न असा की, नकाशावरील प्रत्येक मुलखाला एकेक रंग द्यावयाचा, पण ज्या दोन मुलखांची सरहद्द सामाईक आहे त्यांना एकच रंग द्यावयाचा नाही. नुसता कोपऱ्याला कोपरा लागला तर तो शेजार मानावयाचा नाही, आणि प्रत्येक मुलूख अखंड, एकाच तुकड्याचा असला पाहिजे. अशा अटींवर कोणताही नकाशा, मग तो खरा असो वा कल्पित, रंगवून पुरा करण्यास किती रंग हाताशी असावेत? १८५२ साली फ्रान्सिस गथ्री या इंग्रज तरुणाने इंग्लंडमधील काउंट्यांचा नकाशा रंगविताना चार रंगांत काम भागते असे पाहिले, आणि ते सर्वत्र आणि सर्वकाळ भागेल काय, अशी शंका त्याच्या मनात उभी राहिली. त्याचा भाऊ फ्रेडरिक हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाताखाली शिकत होता. त्याने ती शंका गुरूंच्या पुढे ठेवली. डी मॉर्गन यांचा जन्म आपल्याकडील मदुरेचा. सात वर्षांनी, १८५९ साली, दिल्लीच्या मास्तर रामचंद्रांचा महत्तम आणि लघुतम मूल्यांवरील ग्रंथ याच डी मॉर्गननी लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध करविला. लहानाच्या शंकेला आणि दूरच्या अपरिचिताच्या श्रमाला कमी न लेखण्याची त्यांची वृत्ती त्यावरून दिसते, आणि याच वृत्तीमुळे विद्यार्थ्याचा तो प्रश्न वर्गातच विरून गेला नाही. २३ ऑक्टोबर १८५२ रोजी त्यांनी तो डब्लिनच्या विल्यम रोवन हॅमिल्टन यांना पत्राने कळविला. त्या थोर गणितज्ञाने तीनच दिवसांनी उत्तर धाडले की, या रंगांच्या भानगडीत आपण इतक्यात पडू असे वाटत नाही.

या प्रश्नाचे एक जुळे भावंड त्याच्याही आधी जन्मले होते. १८४० च्या सुमारास मोबियस हे जर्मन गणितज्ञ आपल्या विद्यार्थ्यांना एका राजाच्या मृत्युपत्राची कथा सांगत असत. त्या राजाला पाच पुत्र होते, आणि राज्याचे पाच हिस्से असे करावेत की प्रत्येकाच्या हिश्शाची सरहद्द उरलेल्या चौघांच्याही हिश्शांना भिडावी, अशी त्याची अंतिम इच्छा होती. ही इच्छा पुरी होण्याजोगी आहे काय? चार पुत्र असते तर अडचण नव्हती. तिघांचे हिस्से एका बिंदूभोवती मांडून मध्ये चौथ्याचा हिस्सा कोरला की काम झाले. युरोपच्या नकाशात लक्झेंबर्ग, बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनी ही चौकडी, किंवा दक्षिण अमेरिकेत पॅराग्वे, बोलिव्हिया, ब्राझील आणि अर्जेंटिना ही चौकडी अशीच परस्परांस भिडलेली आहे. पण पाचव्याचे काय? प्रत्येक हिश्शात एकेक राजधानी वसवा, आणि ज्यांचे हिस्से भिडलेले आहेत त्यांच्या राजधान्या, सामाईक सरहद्द ओलांडून जाणाऱ्या रस्त्याने जोडा. हिस्से वेगळे असल्यामुळे हे रस्ते एकमेकांना छेदणार नाहीत अशी तजवीज करता येते. चार राजधान्यांमधील सहा रस्त्यांनी कागदाचे चार भाग पडतात आणि प्रत्येक भागाच्या काठावर तीनच राजधान्या येतात. पाचवी राजधानी यांपैकी कोणत्याही भागात ठेवा. चौथी राजधानी त्या भागाच्या बाहेर राहते, आणि तिकडे जाणारा रस्ता आधीचा एखादा रस्ता छेदल्यावाचून जाऊ शकत नाही. म्हणून राजाची इच्छा अपूर्ण राहणे अटळ आहे.

येथवर सारे निःशंक आहे. आणि नेमक्या याच ठिकाणी बुद्धीला चकवा बसतो. पाच मुलूख परस्परांना भिडू शकत नाहीत, त्या अर्थी पाचव्या रंगाची गरज कधीच पडणार नाही, असे अनुमान मनात आपोआप उमटते, आणि ते इतके स्वाभाविक दिसते की त्यावर शंका घेणे हा आडमुठेपणा वाटावा. थोरामोठ्यांनाही ते मोहवून गेले आहे. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजचे मुख्याध्यापक जेम्स विल्सन यांनी १८८६ साली हा प्रश्न आपल्या शाळेतील मुलांपुढे आव्हान म्हणून ठेवला, आणि उत्तर तीस ओळींच्या एका पृष्ठात व आकृत्यांच्या एका पृष्ठात मावले पाहिजे अशी अट घातली. तीन वर्षांनी शिक्षणविषयक एका नियतकालिकात जे एक उत्तर प्रसिद्ध झाले, ते चक्क लंडनच्या बिशपांचे होते. हे फ्रेडरिक टेंपल पुढे कँटरबरीच्या आर्चबिशपपदी चढले. त्यांनी पाच मुलूख परस्परांना भिडणे अशक्य आहे एवढेच दाखविले होते आणि त्यावरून चार रंग पुरतात असा निष्कर्ष काढला होता. त्यांचे विधान खरे होते, निष्कर्षही पुढे खरा ठरला; खोटा होता तो या दोहोंना जोडणारा ‘म्हणून’.

तो खोटा कसा, हे पाहण्यासाठी विलायतेला जावयास नको. आपल्या देशाचा नकाशा पुरेसा आहे. मध्य प्रदेशाला आज पाच राज्ये वेढून आहेत: गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेश, छत्तीसगढ आणि महाराष्ट्र. या क्रमाने प्रत्येक राज्य पुढच्याला लागून आहे, आणि शेवटी महाराष्ट्र पुन्हा गुजरातला भिडून वर्तुळ पुरे होते. आता तीनच रंग घेऊन बसा. मध्य प्रदेशाला भगवा दिला, तर भोवतालच्या पाचांना उरलेले दोन रंग आळीपाळीने द्यावे लागतील. गुजरात हिरवा, राजस्थान पिवळा, उत्तर प्रदेश हिरवा, छत्तीसगढ पिवळा. आणि मग पाळी येते महाराष्ट्राची. त्याच्या एका अंगाला पिवळे छत्तीसगढ, दुसऱ्या अंगाला हिरवा गुजरात आणि माथ्यावर भगवा मध्य प्रदेश. चौथा रंग आणल्यावाचून गत्यंतर नाही. आणि तरीही या सहा राज्यांत परस्परांना भिडलेली चार राज्ये शोधू गेल्यास सापडत नाहीत. महाराष्ट्राची सरहद्द राजस्थानाला लागत नाही, उत्तर प्रदेशालाही लागत नाही, आणि गुजरात-छत्तीसगढ यांचा तर मुळीच संबंध नाही. चौघे परस्परांस भिडलेले नसताना चौथा रंग लागला. मग पाच परस्परांस भिडू शकत नाहीत एवढ्यावरून पाचवा रंग लागणार नाही, ही हमी कोणी आणि कशाच्या जोरावर द्यावी? अडचण कोणत्याही दोघा-चौघांच्या सलगीत नव्हती. ती साऱ्या वर्तुळाच्या विषम संख्येत दडून बसली होती.

आणि या विषम संख्येच्या इतिहासात महाराष्ट्र राज्याच्या जन्माचा वाटा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तत्कालीन विशाल मध्य प्रदेशाभोवती द्विभाषिक मुंबई राज्य, राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा आणि आंध्र प्रदेश अशी सहा राज्ये होती. सहा ही समसंख्या असल्यामुळे त्यांना दोन रंग आळीपाळीने लागू पडत आणि मध्य प्रदेश धरून तीन रंगांत तेवढ्या भागाचे काम निर्वेध उरकत असे. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली, सहाची सात झाली, आणि त्या दिवसापासून त्या वर्तुळाला चौथ्या रंगाची गरज उत्पन्न झाली. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ वेगळे झाल्यावर मध्य प्रदेशाचे शेजारी पाच राहिले, म्हणजे संख्या विषमच राहिली. खुद्द छत्तीसगढाभोवती प्रथम सहा राज्ये होती. २०१४ साली तेलंगणाची स्थापना झाल्यावर तीही सात झाली. राजधानीत बसून सरहद्दी आखणाऱ्या एकाही मसलतगाराच्या स्वप्नात रंगांचा हा हिशेब आला नसेल. पण एक रेघ ओढली की तिचा परिणाम रेघेच्या दोन बाजूंपुरता न राहता दूरच्या तिऱ्हाईतापर्यंत जातो, हे नकाशा निःपक्षपातीपणे नोंदवून ठेवतो.

चार रंगांची खरी सिद्धता शोधण्याचा इतिहास हा या चकव्याचाच विस्तार आहे. १८७८ साली आर्थर केली यांनी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत या प्रश्नाची वास्तपुस्त केली, आणि दुसऱ्याच वर्षी आल्फ्रेड केंप या वकिलाने त्याची सिद्धता प्रसिद्ध केली. तिची युक्ती मोठी मनोहर होती. एखाद्या मुलखाभोवती चारही रंग लागून गेले आणि त्याच्यासाठी रंग उरला नाही, तर शेजाऱ्यापासून निघणारी दोन रंगांची साखळी धरावी, तिच्यातील रंगांची सरसकट अदलाबदल करावी, आणि अशा रीतीने एक रंग मोकळा करून घ्यावा. विद्वानांनी ही सिद्धता मान्य केली आणि प्रश्न निकालात निघाला असे अकरा वर्षे सारे धरून चालले. १८९० साली डरहॅमच्या पर्सी हीवुड यांनी दाखवून दिले की, भोवती पाच शेजारी असताना केंप दोन साखळ्यांची अदलाबदल एकदम करतो, आणि या दोन साखळ्या एकमेकींच्या वाटेत येणार नाहीत अशी कोणतीही शाश्वती नाही. केंप यांनी चूक उमदेपणाने कबूल केली आणि ती दुरुस्त करणे आपल्याला साधले नाही हेही सभेपुढे सांगितले. परंतु हीवुड केवळ दोष काढून थांबले नाहीत. केंपच्या त्याच साखळ्या वापरून पाच रंग निश्चितपणे पुरतात हे त्यांनी सिद्ध केले. वादात प्रतिपक्षाचे विधान खोडून काढल्यावर त्याच्याच साहित्यातून जेवढे टिकाऊ बांधता येईल तेवढे बांधून द्यावे, ही रीत आपल्या वादपटूंनी अनुकरण करण्याजोगी आहे.

हीवुड यांनी त्याच निबंधात आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो महाराष्ट्रीय वाचकाला परका वाटू नये. चार रंगांच्या विधानात प्रत्येक मुलूख अखंड असल्याची अट आहे. ती सोडून दिली तर काय होईल? संस्थानी काळचा नकाशा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगावयास नको की अखंडता हा तेथे अपवाद होता. गायकवाडांच्या बडोदे संस्थानचे बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे प्रांत एकमेकांपासून तुटलेले होते आणि मध्ये इंग्रजी मुलूख व इतर संस्थानांच्या जमिनी पसरल्या होत्या. दक्षिण महाराष्ट्रातील पटवर्धनी संस्थानांचे महालही असेच विखुरलेले होते. सरंजाम, इनाम, तह आणि वाटण्या यांनी घडविलेल्या अशा नकाशात एका धन्याचे सर्व तुकडे एकाच रंगाचे हवेत असा आग्रह धरला, तर चार रंगांचे आश्वासन तत्काळ रद्द होते. प्रत्येक सत्तेचे जास्तीत जास्त दोन तुकडे असतील तर बारा रंग नेहमी पुरतात, आणि ज्याला बाराही रंग खरोखरच लागतात असा नकाशा काढता येतो, हे हीवुड यांनी दाखविले. एका अटीच्या शिथिलीकरणाने चाराचे बारा होतात. ठरावातील वाक्य वाचावे आणि त्याखालील अटी वाचू नयेत, ही सवय ज्यांना लागली आहे त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

कागद सोडून दुसऱ्या पृष्ठावर गेल्यास तर अधिकच नवल दिसते. मेदूवड्यासारखे मधोमध एक छिद्र असलेले पृष्ठ घेतले, तर त्यावर सात मुलूख परस्परांना भिडू शकतात, आणि सात रंग तेथे नेहमीच पुरतात. हेही हीवुड यांचेच संशोधन. १९७७ साली लायोश सिलाशी या हंगेरियन गणितज्ञाने असे एक छिद्रयुक्त घनरूप तयार केले की त्याच्या सात सपाट बाजूंपैकी प्रत्येक बाजू उरलेल्या सहाही बाजूंना धारेने लागून आहे. छिद्रे वाढवीत गेल्यास किती रंग लागतील याचे सूत्रही हीवुड यांनी मांडले होते, आणि रिंगेल व यंग्ज या जोडीने १९६८ साली त्याची पूर्तता केली. त्या सूत्रात छिद्रांच्या जागी शून्य घातले तर उत्तर चार येते. पण सूत्रामागचा युक्तिवाद मात्र नेमका त्याच ठिकाणी लागू पडत नाही. म्हणजे दोन, दहा किंवा शंभर छिद्रांच्या पृष्ठांचा निकाल लागला, आणि साधा सपाट कागद तेवढा निकालावाचून राहिला.

घनाकृतींची गोष्ट मात्र अगदीच निराळी, आणि तिची प्रचीती कोणत्याही सुताराच्या दुकानात घेता येईल. हव्या तितक्या लाकडी पट्ट्या एकमेकींशेजारी उभ्या मांडा, त्यांवर तितक्याच पट्ट्या आडव्या मांडा, आणि पहिली उभी पट्टी पहिल्या आडव्या पट्टीला, दुसरी दुसरीला, अशा क्रमाने खिळून टाका. झालेल्या प्रत्येक जोडीची उभी पट्टी इतर सर्व जोड्यांच्या आडव्या पट्ट्यांखाली येते. म्हणजे प्रत्येक वस्तू इतर प्रत्येक वस्तूला स्पर्श करते, मग त्या पाच असोत की पाचशे. अवकाशात रंगांना मर्यादाच नाही. मोबियसच्या राजाने जमिनीऐवजी पट्ट्या वाटल्या असत्या तर त्याच्या पुत्रांना एकमेकांच्या शेजारास मुकावे लागले नसते.

अखेर सपाट कागदाचा निवाडा १९७६ साली लागला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे केनेथ अपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी, हाइनरिश हेश या जर्मन गणितज्ञाने दाखविलेल्या दिशेने जाऊन, १९३६ आकृतिबंधांची अशी एक यादी सिद्ध केली की कोणत्याही नकाशात त्यांपैकी एखादा तरी आढळलाच पाहिजे, आणि ज्यात तो आढळतो असा नकाशा चार रंगांत न बसणाऱ्या नकाशांतील सर्वांत लहान असू शकत नाही. या एकेका आकृतिबंधाची छाननी माणसाच्या हातून होण्याजोगी नव्हती. त्यासाठी संगणकाचे सुमारे बाराशे तास खर्ची पडले. विद्यापीठाच्या गणित विभागाने आपल्या टपालावर ‘चार रंग पुरतात’ अशा अर्थाची मोहोर उठविण्यास आरंभ केला. क्लिफ्टनच्या मुख्याध्यापकांनी ज्या उत्तराला एक पृष्ठ आखून दिले होते, ते उत्तर एवढे झाले.

पुष्कळ गणितज्ञांना हा निवाडा रुचला नाही. जी सिद्धता कोणा एका मनुष्याने आद्यंत वाचलेली नाही, तिला सिद्धता म्हणावे काय, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो सर्वस्वी टाकाऊ नाही. कारण ‘का’ या प्रश्नाचे समाधान त्या लांबलचक यादीतून होत नाही. तथापि या प्रश्नाच्या इतिहासातच या आक्षेपाचे उत्तर आहे. केंपची सिद्धता सुटसुटीत होती, सुंदर होती, ज्याला वाचावयाची त्याला एका बैठकीत वाचता येत होती. आणि ती चुकीची होती. यंत्राची सिद्धता बोजड होती, कुरूप होती, कोणाच्याही वाचनात पुरी येण्याजोगी नव्हती. आणि ती बरोबर ठरली. १९९७ साली चौघा गणितज्ञांनी आकृतिबंधांची संख्या ६३३ वर आणून स्वतंत्रपणे तीच गोष्ट सिद्ध केली, आणि २००५ साली जॉर्ज गाँथिए यांनी युक्तिवादाची प्रत्येक पायरी तर्कशास्त्राच्या नियमांनी तपासून घेतली. विश्वास बसला तो युक्तिवादाच्या सौंदर्यामुळे नव्हे आणि यंत्राच्या दबदब्यामुळेही नव्हे, तर अनेकांनी अनेक बाजूंनी केलेल्या तपासणीमुळे. आज ज्या काळात यंत्रे कोणत्याही प्रश्नाचे ओघवते आणि आत्मविश्वासपूर्ण उत्तर क्षणार्धात लिहून देऊ लागली आहेत, त्या काळात ओघ आणि आत्मविश्वास हे सत्याचे पुरावे नव्हेत हा धडा शिकविण्यास केंपच्या सिद्धतेहून चांगले क्रमिक पुस्तक मिळणार नाही.

यावर कोणी विचारील की, या सर्वाचा उपयोग काय? नकाशे छापणाऱ्यांना चार रंगांची टंचाई कधीच भासली नव्हती. ते सोयीप्रमाणे पाच, सहा, सात रंग वापरीत आले आहेत. हे खरे आहे. परंतु ‘लागून असलेल्यांना निराळे ठेवा’ हा नियम नकाशाच्या बाहेर जागोजागी भेटतो. एकाच विद्यार्थ्याला द्यावयाच्या दोन परीक्षा एका वेळी येऊ नयेत असे वेळापत्रक बांधणे, किंवा शेजारच्या मनोऱ्यांच्या रेडिओलहरींचा गोंधळ होणार नाही अशा रीतीने त्यांना कंप्रता वाटून देणे, हे रंगविण्याचेच प्रश्न आहेत. फक्त तेथील शेजार कागदावर मावणारा नसल्यामुळे चार रंगांची हमी तेथे चालत नाही. शिवाय कोड्याला पोरखेळ ठरविण्याची किंमत आपण एकदा चुकती केलेली आहे. देवळालीच्या शाळेत मास्तर असलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचे गुणधर्म शोधले, तेव्हा आपल्याकडील अनेक पंडितांनी त्यांची संभावना छंदिष्ट म्हणून केली. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती सर्वदूर पसरली. त्याच गार्डनरनी पुढच्याच, म्हणजे एप्रिलच्या, अंकात ११० मुलखांचा एक नकाशा छापून त्याला पाच रंग लागतात अशी थाप गंभीर चेहऱ्याने मारली, आणि अनेक वाचकांनी तो नकाशा चार रंगांत रंगवून त्यांच्याकडे परत धाडला. थाप उघडकीस आणण्यास त्या वाचकांना पदवी लागली नाही. पेन्सिली आणि चिकाटी एवढे भांडवल पुरले. छत्तीस सैनिकी अधिकाऱ्यांच्या रांगा लावण्याच्या कोड्यावरून ऑयलरने बांधलेला तर्क बोस आणि पार्कर यांच्या साहाय्याने १९५९ साली खोटा ठरविणारे शरच्चंद्र शंकर श्रीखंडे हेही आपलेच होते, आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा त्यांनी वाहिली.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. भूगोलाच्या तासाला मुले जो कोरा नकाशा भरतात, तोच एक दिवस गणिताच्या तासाला त्यांच्या हाती द्यावा आणि कमीत कमी किती रंगांत तो पुरा होतो हे त्यांना शोधू द्यावे. कोणी तीन रंगांचा दावा केला तर मध्य प्रदेशाच्या भोवती त्याला फिरवून आणावे. मग महाराष्ट्राचा जिल्हावार नकाशा घ्यावा आणि पुणे जिल्ह्याच्या भोवतालचे ठाणे, रायगड, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर हे पाच जिल्हे क्रमाने मोजावयास सांगावे. तीन रंग का पुरत नाहीत याचे कारण मुले मग स्वतःच्या शब्दांत सांगतील, आणि ते शब्द कितीही ओबडधोबड असले तरी तीच त्यांची पहिली सिद्धता असेल. पाच राजपुत्रांच्या वाटणीचे कोडे त्यानंतर घालावे, आणि ‘म्हणून चार रंग पुरतात’ असे कोणी म्हणालेच तर त्याला चूक न म्हणता फक्त ‘कशावरून?’ एवढे विचारावे. या साऱ्याला सरकारी अनुदान नको, अभ्यासक्रमात बदल नको, आणि प्रयोगशाळाही नको. वहीचा एक कागद आणि रंगीत पेन्सिली पुरेत. उत्तर सांगून टाकण्याची घाई मात्र शिक्षकांनी करू नये.